प्रिंटरबद्दल मी बोलणार नाही

माऊस वायरचाच घ्यावा.
बिनवायरचा सोफ्याखाली जातो, त्याचा सेल संपतो रविवारी,
आणि चारकोपात रविवारी दुपारी बारीक सेल मागितला
की वाणी झोपेतून उठून जाडा सेल देतो.
वायरवाला निदान शेपटी धरून ओढता येतो.

कीबोर्ड जाड, आवाज करणारा.
दहिसर नाक्यावर जकातीचे शिक्के मारण्यात
माझी एकतीस वर्षं गेली.
कळ दाबली की दाबल्यासारखी वाटली पाहिजे,
नाहीतर कागद पुढे गेला की नाही, कळायचं कसं?

प्रिंटरबद्दल मी बोलणार नाही.

खाडीचा वारा यूएसबीच्या भोकात शिरतो
हे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं.
दोन पावसाळ्यांत पिना हिरव्या पडतात.
लॅमिंग्टन रोडच्या दिलावरने रॅमच्या पट्ट्या काढून दाखवल्या,
म्हणाला, "तावडेकाका, पाच रुपयांचं खोडरबर घ्या,
हलकेच घासा, आणि एवढ्यासाठी माझ्याकडे येऊ नका."
गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार
मी तो एकच पाहिला.
म्हणून मी मुद्दाम त्याच्याचकडे जातो.

अपडेट म्हणजे
आपण झोपलेले असताना कुणीतरी येऊन
चहाचा डबा साखरेच्या जागी ठेवणं.
शेजारचा निमिष म्हणतो, सुरक्षेसाठी असतं ते.
असेल.
चोराला काही सापडू नये म्हणून
घरातल्यालाही चमचा सापडू नये, असं दिसतं.

अँटिव्हायरस रोज सकाळी सांगतो,
'आपण धोक्यात आहात.'
माझं वय एकाहत्तर. पुढे बोल.

यूपीएस चौदा मिनिटं चालेल म्हणाले होते.
तीन चालतो.
राउटर फ्रिजवर ठेवलाय;
रेंज मोरीत उत्तम, टेबलापाशी शून्य.
यावर माझं मत नाही, निव्वळ नोंद.

आता त्या गोधडीखालच्या डब्याचं.
दोन हजार चारचा. सुरू व्हायला चहा होऊन गार होतो.
निमिष म्हणतो भंगारात द्या, कुमुदिनीही म्हणते,
पलंगाशेजारची जागा अडलीय.
पण त्यात एक फॉन्ट आहे.
दुसरं काही नाही.
हिच्या डब्यांचा सगळा हिशेब त्या फॉन्टात आहे,
बारा वर्षांचा, रात्री दहानंतर
एका बोटाने टाइप केलेला.
नव्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली
तर उलटी प्रश्नचिन्हं, डॉलर, टोपी घातलेली परकी अक्षरं,
जणू आमची गिऱ्हाइकं
एका रात्रीत परदेशी गेली.

"पुसून टाका," ती म्हणते, "कोण बघणारे?"

परवा वीज टिकली, डबा उठला, मी एक पान पाठवलं.
आणि प्रिंटर
(बोलणार नव्हतो, पण बोलतो)
ज्याने माझा हयातीचा दाखला तीनदा चावला,
ज्याची काळी शाई कधी सांगून संपत नाही,
तो न कुरकुरता एका दमात चालला.
शिरोरेघ थोडी तुटकी, पण अक्षर न् अक्षर मराठी:

बोरकर, डबा एक, पैसे आले.
डिमेलो बाई, बिनतिखट, बाकी चाळीस.
सेक्टर सहाचा मुलगा, दोन पोळ्या जास्त, धरू नये.

दर महिन्याला तेच. धरू नये. धरू नये.
आणि मी तेव्हा विचारायचो,
बेरीज का जुळत नाही गं तुझी?

पान तिच्यापुढे ठेवलं.
चष्मा लावला, वाचलं,
फ्रिजवरचं पेन घेतलं,
दोनावर काट मारून
तीन केले.